दार रस्त्याच्या बाजूला उघडू दे

वाचनालयावर गेल्या दोन महिन्यांत इतकी पत्रं आलीत की ह्या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हीच घेतलीयत. मी स्वतः ठाण्यात अठ्ठावीस वर्षं एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात काम केलंय, आधी देवघेवीच्या काउंटरवर आणि मग ग्रंथपाल म्हणून, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

नमस्कार ताई, आमची घोडबंदर रोडला साडेतीनशे फ्लॅटची सोसायटी आहे. क्लबहाउसच्या बाजूची एक खोली रिकामी आहे, तिथे वाचनालय काढायचं ठरलं, सहाशे पुस्तकंही जमली. आता मीटिंगमध्ये दोन गट पडलेत. एक म्हणतो फक्त मेंबरांसाठी ठेवा, बाहेरचे आले तर सिक्युरिटीचं काय. दुसरा म्हणतो मागच्या गावठाणातली मुलंही येऊ देत. आणि तिसरा एकच माणूस आहे पण तो दर वेळी विचारतो की सगळं मोबाईलवर असताना हे हवंच कशाला. सार्वजनिक वाचनालय म्हणजे नेमकं काय ते एकदा सांगा. (सोसायटीचा सेक्रेटरी, ठाणे पश्चिम)

सेक्रेटरी साहेब, तुमच्या मीटिंगमधलं भांडण नवीन नाहीये, ते दीडशे वर्षांहून जुनं आहे आणि आपल्याकडची वाचनालयं ह्याच भांडणातून पुढे आलीत, म्हणून जरा मागून सांगते.

रत्नागिरीला १८२८ साली वाचनालय निघालं, नाशिकला १८४०, पुण्यात १८४८, कोल्हापूरला १८५०, आपल्या शेजारी कल्याणला १८६४. ह्यातल्या बऱ्याच संस्थांचं सुरुवातीचं नाव नेटिव्ह जनरल लायब्ररी किंवा तसंच काहीतरी होतं. नावात जनरल, म्हणजे सगळ्यांची, पण खरं बघायला गेलं तर ज्याला वाचता येतं आणि ज्याला वर्गणी परवडते त्याचीच. कपाटं बहुतेक इंग्रजी पुस्तकांनी भरलेली. मी त्या लोकांना कमी लेखत नाहीये, त्यांनी सुरुवात केली म्हणून पुढचं सगळं झालं. पण दार अर्धंच उघडं होतं.

मग १ जून १८९३ ला आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. वि. ल. भावे आणि वि. भा. पटवर्धन ह्यांची नावं त्यात पुढे येतात. भावे म्हणजे ज्यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला तेच, जन्म १८७१ चा, म्हणजे संस्था काढली तेव्हा वय अवघं एकवीस. एकवीस वर्षांचा मुलगा आणि त्याचे मित्र म्हणतात की आपल्या भाषेत जे छापलं जातंय ते सगळं एका छपराखाली जमलं पाहिजे, नाहीतर ते रद्दीत जाईल, वाळवीला जाईल आणि आपल्यालाच कळणार नाही की आपण काय लिहिलं होतं. फक्त मराठी पुस्तकांसाठी म्हणून उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या संस्थांमधली ही एक, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ ला. ठाण्यात राहून आपण ह्या गोष्टीचा अभिमान हवा तेवढा बाळगत नाही असं मला फार वाटतं. बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली ते शाळेतल्या पोराला पण पाठ असतं, ग्रंथसंग्रहालयाचं वर्ष मात्र मोठ्यांनाही माहीत नसतं.

तर भाषेचं दार उघडलं. पैशाचं दार कुणी उघडलं तर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. त्यांनी १९१० ला बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून घेतला आणि संस्थानभर फुकट वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं, शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्याला वाचनालय आणि जिथे काहीच नाही त्या गावाला पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी, ती वाचून झाली की पुढच्या गावाला. आधी १९०६ ला त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलेलं होतंच. वाचायला शिकवायचं आणि मग वाचायला काहीच द्यायचं नाही असं करून चालत नाही, इतका साधा विचार होता तो.

आपल्या राज्यात कायदा आला १९६७ ला, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम. त्यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तामिळनाडू, कर्नाटक, केरळात घरपट्टीबरोबर किंवा तशाच वाटेने ग्रंथालयासाठी वेगळा कर घेतला जातो. आपल्याकडे तसा कर नाही. आपल्याकडे लोकांनी संस्था काढायची, ती रजिस्टर करायची, चालवून दाखवायची आणि मग सरकार अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान देतं. राज्यात दहा हजारांहून जास्त वाचनालयं अशी उभी आहेत. म्हणजे महाराष्ट्रातलं सार्वजनिक वाचनालय हे मुळात तुमच्यासारख्या चारपाच माणसांनी एका रिकाम्या खोलीकडे बघून ठरवल्यामुळेच निघतं, वरून कुणी आणून देत नाही.

आता सार्वजनिक म्हणजे काय. माझ्या मते ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याच्या हातात तुमचं पुस्तक द्यायची तयारी असली की ते वाचनालय सार्वजनिक. आपल्या भाच्याला, मित्राला, समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना पुस्तक देणं ही चांगलीच गोष्ट आहे पण ती घरगुती झाली. अनोळखी माणूस आला, नाव सांगितलं, पुस्तक घेतलं आणि गेला, आणि तुम्ही मागे वहीत फक्त एक ओळ लिहिलीत, ह्यात जो विश्वास आहे ना त्याच्यावर ही सगळी संस्था उभी आहे. आणि तो विश्वास वाया जातो असंही नाही. आमच्याकडे वर्षाअखेरीला जी पुस्तकं परत यायची राहायची त्यातली बरीच सभासद घर बदलून गेले म्हणून राहिलेली असायची, त्यातलीही काही दोन वर्षांनी खोक्यातून सापडून परत यायची, एकदा तर बदलापूरहून एक गृहस्थ फक्त एक कादंबरी द्यायला लोकलने आले होते.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या गटाच्या बाजूने मी आहे हे उघड सांगते. पण पहिल्या गटाची काळजी खोटी नाही, लहान मुलं खेळत असतात, गेटवर एन्ट्री लागते, ते समजतं. त्याच्यावर उपाय म्हणजे खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघा. कंपाउंडच्या भिंतीला लागून असेल तर रस्त्याच्या बाजूने एक दार पाडा, आतलं दार सोसायटीसाठी, बाहेरचं सगळ्यांसाठी, बाहेरून येणाऱ्याला लिफ्टपर्यंत जायची गरजच नाही. खर्च येईल, जनरल बॉडीत मंजुरी लागेल, भिंतीला हात लावायचा म्हणजे महापालिकेचे नियम आहेत ते आधी विचारून घ्या. पण हे एक केलंत तर तुमचं अर्धं भांडण मिटतं. दारच पाडता येत नसेल तर संध्याकाळी सहा ते साडेआठ एवढीच वेळ ठेवा आणि दारात एक वही. बसून वाचायला कुणाकडूनही पैसे घेऊ नका, घरी न्यायचं असेल तर बाहेरच्यांकडून छोटी अनामत घ्या जी सोडताना परत मिळते. पुस्तकांवर नंबर घालताना मोठ्या पद्धतीच्या मागे लागू नका, सहाशे पुस्तकांना कथा, कादंबरी, चरित्र, बाल, माहिती एवढे विभाग पुरतात. पण दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही, मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा, ते राहून गेलं तर नंतर सरकारी मान्यतेला जाताना रडायची वेळ येते. मान्यतेचं सध्या काय चाललंय ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊनच विचारा.

आणि ते मोबाईलवाले काका. त्यांना एकच विचारा, की ठाण्यात काहीही विकत न घेता दोन तास बसता येईल अशी जागा कुठली. तलावपाळीचा कट्टा आहे, देऊळ आहे. जुलैत कट्टा पण गेला. दहा बाय बाराच्या घरात पाच माणसं राहतात तिथे मोबाईल असतो हो, पण टेबल नसतं आणि शांतता नसते. वाचनालयात पुस्तकाबरोबर एक खुर्ची, एक पंखा आणि कुणी हाक मारणार नाही असा एक तास मिळतो.

ताई मी दहावीत आहे, वागळे इस्टेटला राहते. माझी आई घरकाम करते. मी एका वाचनालयात मेंबर व्हायला गेले तर तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी लाईट बिल मागितलं, आमची खोली भाड्याची आहे आणि बिल मालकाच्या नावावर येतं, मालक देत नाही. त्या म्हणाल्या मग नाही होणार, आणि मागे लाइन होती म्हणून मी निघून आले. मी परत जाऊ का?

जा गं, नक्की जा. आणि आधी हे ऐक की तुझी काही चूक नव्हती, त्या बाईंचीही बहुतेक नसेल, त्यांना जो फॉर्म दिलाय त्यात जे लिहिलंय ते त्या मागतात. चुकलाय तो फॉर्म.

परत जाशील तेव्हा काउंटरवर न विचारता ग्रंथपाल कुठे बसतात ते विचार आणि त्यांना सांग की माझ्याकडे पत्त्याचा कागद नाही, हमीवर सभासदत्व मिळेल का. हमी म्हणजे आधीच सभासद असलेल्या कुणीतरी सही करायची की ही मुलगी माझ्या ओळखीची आहे. बऱ्याच वाचनालयांत ही जुनी पद्धत आहे, फक्त काउंटरवर ती कुणी सांगत नाही. तुझ्या वर्गशिक्षिका किंवा आई जिथे काम करते तिथल्या कुणी सभासद असतील तर त्यांची सही घे. तेही नाही जमलं तर शाळेचं ओळखपत्र आणि मुख्याध्यापकांचं दोन ओळींचं पत्र घेऊन जा. बालविभाग असला तर तिथली वर्गणी कमी असते, तेही विचार, दहावीपर्यंत घेतात का ते.

आणि हे सगळं होईपर्यंत मुक्तद्वार विभागात जाऊन बस. ह्या विभागाचं नावच मुक्तद्वार आहे. वर्तमानपत्रं आणि मासिकं तिथे कुणालाही वाचता येतात, सभासद असायची गरज नसते, कुणी विचारलं तर शांतपणे सांग मी वाचायला आलेय.

ह्या विभागावरून आमच्याकडे एकदा कार्यकारिणीत मोठी चर्चा झाली होती, ती तुला आणि बाकीच्यांनाही सांगते. शेजारच्या इमारतीचा एक वॉचमन रोज सकाळी सात वाजता रात्रपाळी संपवून यायचा. अंगात निळा शर्ट, पायात चपला, चपला दाराबाहेर एका रेषेत काढून ठेवायचा. पाऊण तास पेपर वाचायचा, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, बोट ओळीखाली धरून, ओठ हलायचे. आणि उठताना पेपर जसा होता तसा चार घड्या करून, घडीवरून तळहात फिरवून, पुरवणी आत घालून परत काठीला लावून जायचा. एवढ्या वर्षांत पेपर इतका नीट ठेवणारा दुसरा सभासद मी पाहिला नाही, आणि तो तर सभासदही नव्हता. तर एका सदस्यांनी सुचवलं की मुक्तद्वारलाही ओळखपत्र लावू, गर्दी होते. आमचे तेव्हाचे कार्यवाह म्हणाले, ज्या दिवशी ओळखपत्र लावाल त्या दिवशी दारावरची पाटी उतरवा, कारण तिच्यावर सार्वजनिक लिहिलंय. विषय तिथेच संपला.

वाचनालय चालवणाऱ्यांनी हे पत्र वाचलं असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, एकदा आपला सभासदत्वाचा फॉर्म काढून बघा, त्यातल्या कुठल्या कागदामुळे कोण दारातून परत जातंय ते बघा.

ताई, वय वर्षे ७८, नौपाड्यात राहतो. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. ती शिक्षिका होती, तिची नऊशे पुस्तकं घरात आहेत. मुलगा बंगळुरूला, त्याच्याकडे जागा नाही. मी दोन वाचनालयांना फोन केला, एकांनी जागा नाही म्हणून सांगितलं, दुसरे म्हणाले यादी पाठवा मग बघू. पुस्तकं फुकट देतोय तरी कुणी घेत नाही ह्याचं फार वाईट वाटलं.

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वाईट वाटणारच, पुस्तकांमध्ये बाईंचा हात लागलेला आहे आणि कुणी तिकडून म्हणतं यादी पाठवा.

पण मी काउंटरच्या पलीकडे बसलेली आहे म्हणून त्या लोकांची बाजूही सांगते. भेट आलेलं पुस्तक वाचनालयाला फुकट पडत नाही. ते दाखल करायचं, म्हणजे रजिस्टरमध्ये तारीख, दाखल अंक, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत आणि शेवटच्या रकान्यात ‘भेट’ किंवा ‘खरेदी’. मग शिक्का, मग लेबल, मग मागे तारखेची चिठ्ठी, बांधणी सैल असेल तर बाइंडरकडे, आणि मग कपाटात वीत दीड वीत जागा. आपल्याकडचा पावसाळा तर तुम्हाला माहितीच आहे, जून ते सप्टेंबर भिंतीला टेकलेल्या रांगेला बुरशी येते, एका पुस्तकाला कसर लागली की शेजारच्या दहाला लागते. त्यामुळे वाचनालयं घाबरतात. दर काही वर्षांनी आम्हालाच पुस्तकं बाद करावी लागतात, त्याला निर्लेखन म्हणतात, त्याची यादी करून, मंजुरी घेऊन. माझ्या नोकरीतलं मला सगळ्यात नकोसं वाटणारं काम तेच होतं.

तरीपण तुमची पुस्तकं जाऊ शकतात, फक्त नऊशे एकत्र जाणार नाहीत हे मनाशी धरा. यादी कराच, आणि करताना चार ढीग करा. पहिला, १९५० च्या आधीचं काहीही, छोटी स्थानिक प्रकाशनं, जुनी मासिकं, दिवाळी अंकांचे जुने संच, ठाणे कल्याण परिसरावरची पुस्तकं, स्मरणिका. हे आधी बाजूला काढा, पानं फाटकी असली तरी, कारण ह्याला संदर्भ विभाग आहे तिथे खरी किंमत. दिवाळी अंकाची सुरुवात १९०९ च्या ‘मनोरंजन’ची मानतात, तेव्हापासूनचे किती अंक आज कुठेच मिळत नाहीत. दुसरा ढीग चांगल्या स्थितीतल्या कथा कादंबऱ्या आणि चरित्रांचा, हा नवीन निघणाऱ्या वाचनालयांना हवा असतो, वर घोडबंदरच्या सेक्रेटरींचं पत्र आहेच, संपादकांकडून तुमचा निरोप त्यांना पोचवायला मी सांगितलंय. तिसरा मुलांच्या पुस्तकांचा, तो जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत थेट वर्गशिक्षकांच्या हातात द्या. चौथ्यात जुनी गाइडं, कालबाह्य कायद्याची आणि कॉम्प्युटरची पुस्तकं, हा ढीग रद्दीतच जाऊ द्या काका, मन घट्ट करून.

आणि एक करा. बाईंच्या नावाचा छोटा शिक्का करून घ्या आणि दिलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर उमटवा. आमच्या पहिल्या दाखल रजिस्टरचं पहिलं पान अजून माझ्या डोळ्यासमोर आहे, शाई तपकिरी पडलेली, एक ते सत्तावीस नंबर एकाच वळणदार अक्षरात आणि सत्तावीसच्या सत्तावीस ओळींत शेवटच्या रकान्यात ‘भेट’, ‘भेट’, ‘भेट’. खरेदीची पहिली नोंद अठ्ठाविसावी. म्हणजे तुमच्यासारख्या कुणीतरी घरातली पुस्तकं आणून टेबलावर ठेवली तेव्हा कुठे संस्था सुरू झाली.

पेन्सिलने बाईंनी समासात काही लिहिलं असेल तर ती पुस्तकं मात्र आधी स्वतः चाळा, कदाचित ती तुम्हालाच ठेवावीशी वाटतील.

आमच्या नेरूळच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी नवीन आहे. एका सदस्यांनी पंधरावीस पुस्तकं कपाटातून काढून माळ्यावर टाकली, म्हणाले ही धर्माच्या विरोधात आहेत. ते कळल्यावर दुसऱ्या विचारांच्या सदस्यांनी त्यांना न पटणारी दहा काढली. आता ग्रंथपाल म्हणतात मी कुणाचं ऐकू?

दादा, दोन्ही गठ्ठे आजच्या आज खाली आणा. सरकारने कायद्याने बंदी घातलेलं पुस्तक असेल तर तो वेगळा विषय, बाकी एका सदस्याला पटत नाही म्हणून पुस्तक माळ्यावर जाणं हे कुठल्याच बाजूने चालणार नाही.

युनेस्कोने सार्वजनिक ग्रंथालयाचा जाहीरनामा पहिल्यांदा १९४९ ला काढला, १९९४ ला तो नव्याने लिहिला आणि आत्ता २०२२ ला परत. त्यात स्पष्ट आहे की वय, वंश, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व, भाषा, सामाजिक वर्ग काहीही असो, सेवा सगळ्यांना सारखी, आणि संग्रहावर विचारसरणीची, राजकारणाची, धर्माची सेन्सॉरशिप नको, धंद्याचा दबावही नको. आपले रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, १९२४ ला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्यांनी १९३१ ला ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यातला दुसरा आहे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तुमच्या माळ्यावरच्या तिसेक पुस्तकांचा वाचक जिना चढून येऊ शकत नाही.

आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ होते, ते आपल्याला अजिबात न पटणाऱ्या लेखकांचीच पुस्तकं न्यायचे. समासात पेन्सिलने ‘चूक!’, ‘पुरावा?’ असं लिहून आणायचे, मी खोडरबर घेऊन बसायची आणि त्यांना दर वेळी सांगायची काका वहीत लिहा. शेवटी त्यांनी खरंच वही केली आणि त्यातून वर्तमानपत्राला पत्रं लिहिली, चांगली मुद्देसूद. ती पुस्तकं आमच्याकडे नसती तर त्यांनी खोडून काढलं असतं कशाला?

करायचं काय तर ग्रंथनिवडीचं एक पानी धोरण लिहा आणि बैठकीत मंजूर करून भिंतीवर लावा. पुस्तकावर आक्षेप असेल तर तो लेखी, आक्षेप घेणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचलंय ह्या नोंदीसह, आणि निर्णय समितीचा, तोपर्यंत पुस्तक कपाटातच. ग्रंथपालांना ह्या भांडणात एकटं पाडू नका, त्यांचा पगार किती असतो हे तुम्हाला कार्यकारिणीत बसल्यावर कळलंच असेल.

आणि त्याच धोरणात एक ओळ घाला, की कोण काय वाचतं हे कुणालाही सांगितलं जाणार नाही. माझ्याकडे एकदा एक वडील आले होते, मुलगी कुठली पुस्तकं नेते ती यादी द्या म्हणाले. मी त्यांना चहा दिला, यादी दिली नाही.

ऐरोलीहून विचारतोय, आमच्याकडच्या वाचनालयाची अभ्यासिका एमपीएससीच्या मुलांनी गच्च भरलेली असते आणि पुस्तकं कुणी नेत नाही. हे वाचनालय राहिलं का?

राहिलं की. पोरं सकाळी सातला डबा घेऊन येतात आणि रात्री दहाला जातात, त्यांना घरी जागा नाही म्हणून येतात. त्यांना कमी समजू नका. फक्त खोली त्यांची आणि कपाटं कुलपात असं होऊ देऊ नका. कपाटं उघडी ठेवा, मुक्तप्रवेश, म्हणजे चिठ्ठी लिहून शिपायाकडून पुस्तक मागवायचं नाही, स्वतः जाऊन हाताळायचं. अभ्यासिकेच्या दाराशी एक छोटा रॅक ठेवा, त्यावर पातळ पुस्तकं, कथासंग्रह, प्रवासवर्णनं, कविता. कंटाळलेला मुलगा चहाला जाताना एक उचलतो, मी हे होताना पाहिलंय.

वाचनालयाचं पुस्तक लोकलमधून उतरताना पावसात भिजलं. नवीन आणून देऊ का गुपचूप? (कोपरखैरणे)

गुपचूप काही करू नका हो, आणि उन्हात तर अजिबात ठेवू नका, इस्त्री नको, हेअर ड्रायर नको. आधी फडक्याने वरचं पाणी टिपून घ्या. पुस्तक उभं करा, पानं पंख्यासारखी थोडी सुटी होतील एवढीच उघडा, दर दहावीस पानांमध्ये साधा टिश्यू किंवा कोरा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. खोलीत फॅन सुरू ठेवा. चिकटलेली पानं ओढू नका, गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर विशेष जपून. दोन दिवसांनी जवळजवळ सुकलं की वर जड काहीतरी ठेवून आणखी दोन दिवस दाबून ठेवा. मग घेऊन जा आणि काउंटरवर सांगा की भिजलं होतं, म्हणजे ते कपाटात जायच्या आधी कुणीतरी बुरशी बघून घेईल. ते भरपाई मागतील किंवा नाही मागणार, मागितली तर द्या आणि पुढचं पुस्तक घेऊन या.